सहाणेच्या पायरीखाली

"पोरीला खाली घ्या."

गावकर, गावकीचा प्रमुख, असं म्हणाला. मला नाही म्हणाला. माझ्या आईला म्हणाला. माझ्याशी बोलायचीसुद्धा त्याला गरज वाटली नाही.

मी सहाणेवर उभी होते. सहाण म्हणजे आमच्या ग्रामदेवतेच्या देवळापुढचा चिऱ्यांचा चौथरा. शिमग्यात पालखी तिथं बसते आणि बाकीचं वर्षभर गावकी, म्हणजे गावाची जुनी पंचायत, तिथं बसते. मराठे, कुणबी, गुरव, सगळे वर. आम्ही बौद्धवाडीतली माणसं पायरीखाली, तापल्या कातळावर. दगडबिगड आपला आपण शोधायचा आणि त्यावर टेकायचं. कधीपासून? कुणाला विचारायची सोयच नव्हती. असंच होतं.

माझ्या हातात मोठा कागद होता. त्यावर मी स्वतः नकाशा काढला होता. वरच्या डोंगरातला झरा, तिथून खाली येणारा पाइप, वाड्यावाड्यांतले नळ. शेवटचा नळ आमच्या वाडीत. तो मी लाल खडूनं रंगवला होता. नकाशा सगळ्यांना दिसावा म्हणून चार पायऱ्या चढून वर गेले, एवढंच.

आई खालून उठली. तिने हात जोडले. मी आयुष्यात आईला इतकं वाकलेलं बघितलं नव्हतं. भाताची लावणी करतानाही नाही.

"चुकलां तिचां, गावकरांनू. मुंबैला ऱ्हाते ती. तिला समज न्हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "खाली ये गो बाय. मी तुज्या पाया पडते, खाली ये."

माझी आई. माझ्या पाया पडते म्हणाली. सगळ्या गावासमोर.

मी सरांकडे बघितलं. सर माझ्या शेजारीच उभे होते. आमच्या कॉलेजात ते आम्हाला शिकवायचे आणि रत्नागिरीला मांडवीत ऑफिस असलेल्या एका संस्थेचे ते सल्लागार होते. पाइपलाइन ती संस्था घालून देणार होती. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, बोलणं साखरेत घोळलेलं. मला वाटलं, आता सर बोलतील. वर्गात एवढं बोलतात, इथंही बोलतील.

सर चष्मा पुसत होते. पुसून झाल्यावर हळूच म्हणाले, "जा, आईजवळ बस. आज तू निरीक्षकाच्या भूमिकेत राहा."

मी उतरले. चार पायऱ्या. माझा कागद सरांनी हातातून काढून घेतला.

मी तिथवर कशी पोचले ते सांगते. बाबा गोदीत कामाला होते. मी बारावी झाल्यावर त्यांनी मला मुंबईला नेलं. बी.ए. झाल्यावर समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. शेवटच्या वर्षाला विशेष विषय होता, सामाजिक बदलासाठी संघटना विकास. नाव ऐकूनच मी हरखले होते. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे काय करायचां?" मी म्हटलं, "माणसांनी एकत्र येऊन आपलं जगणं बदलायचं, ते कसं ते शिकायचं." आई हसली. म्हणाली, "बाबासायबांनी सांगितलांय की तां. त्याला आनि कालेज कशाला?"

शिकत होते मात्र मनापासून. सर सांगायचे, बदल बाहेरून लादायचा नसतो. लोकांची जी जुनी संघटना असते तिलाच हाताशी धरायचं, आतून बदलायचं. सगळ्यांना एका वर्तुळात बसवायचं आणि निर्णय एकमताने घ्यायचा. मी शब्दन् शब्द पाठ करायचे. आणि क्षेत्रकार्यासाठी गाव निवडायची वेळ आली तेव्हा मीच आमच्या गावाचं नाव दिलं. सर खूश. "कोकणात गावकी म्हणजे आयती संघटना," ते म्हणाले.

मला पाणी हवं होतं. बाकी काही नाही. वैशाखात आमच्या वाडीच्या बाया पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कोरड्या पात्रात खड्डा खणतात. डुरा म्हणतो आम्ही त्याला. त्यात झिरपून पाणी साचायची वाट बघत बसायचं आणि करवंटीनं हंडा भरायचा. माझी आई लग्न होऊन आली तेव्हापासून बसतेय. गावची विहीर होती की! पण तिचं नाव आमच्यात कुणी काढत नव्हतं. कायदा झाला होता म्हणतात. तो आमच्या गावची एसटी चुकला असणार.

तर सभा. मी खाली, आईच्या दगडाजवळ. कातळ असा तापलेला की बूड टेकवत नव्हतं. वरून आवाज येत होते. सर मधाळ बोलत होते, गावकर हुंकार देत होता. मग गावकर म्हणाला, "पाइप देवळापरेंत आनि वरच्या वाड्यांना. खालच्या वाडीचा मागनं बगू. पानी उरला तर दिऊ."

उरला तर! अहो, पाणी आपणहून खाली येतं. त्याला अडवायला माणूस लागतो.

मी उठायला गेले. आईनं माझा हात धरला. धरला म्हणजे कसा, नखं रुतली. मी बसले.

आमच्या गावकीची एक रीत आहे. बोलणं संपलं की गावकर देवापुढे नारळ ठेवतो आणि विचारतो, "काय मंडळी, मान्य?" वरचे म्हणतात, "व्हय." मग नारळ फुटतो आणि सगळे हात जोडतात, वरचेही, खालचेही. नारळ फुटल्यावर चकार शब्द काढायचा नाही. तो निर्णय मग गावकीचा नसतो, देवाचा असतो. देवाशी भांडणार कोण?

नारळ फुटला. सगळ्यांनी हात जोडले. आईनं जोडले. घरात बाबासाहेबांचा फोटो लावलेली माझी आई, त्या देवाला तिनं कधीच सोडलं होतं. पण जोडले. जोडले नाहीत तर दुसऱ्या दिवशी कामाला कोण बोलावणार, शेणीगोवऱ्यांना कोणाच्या रानात जाणार?

सरांनी वरून पायरीखाली नजर फिरवली. जोडलेले हात बघितले. चेहरा उजळला त्यांचा.

"खालच्या मंडळींचीही संमती आहे तर," ते म्हणाले.

"ती कदी न्हाय म्हनत न्हायत," गावकर म्हणाला. आणि सगळे हसले. सरही हसले.

घरी येताना आई पुढे, मी मागे. दारात पाय धुताना म्हणाली, "इतकी वर्सां मी कुनाच्या वाटेला गेले न्हाय. कुनापुडं हात जोडायची पाळी येऊ दिली न्हाय. तू शिकलीस आनि ती पाळी आनलीस."

गावकराचं बोलणं मी सोसलं असतं. सरांचंही सोसलं. पण आईचं हे वाक्य आजतागायत उतरत नाही. मी चुलीपुढे बसून रडले. आईनं भात वाढला. तीही जेवली नाही, मीही जेवले नाही. सकाळी उजाडायच्या आत ती हंडा घेऊन डुऱ्यावर गेली. मी मागोमाग गेले तर म्हणाली, "तू नको. तुजे हात खराब होतील."

त्याच दुपारी मांडवीच्या ऑफिसात सर भेटले. समोर समुद्र, पंखा सुरू, ताटात सुरमईची तुकडी. मला म्हणाले, "तुझी आई फार शहाणी बाई आहे हं. किती सहज सांभाळलं तिनं! तुझ्यामुळे सगळी प्रक्रियाच बिघडली असती. अहवालात हे जरूर लिही."

मी वहीत लिहून घेतलं. शिक्षक होते. उलट बोलायची जिभेला सवय नव्हती.

मुंबईला आल्यावर सगळ्या वर्गापुढे क्षेत्रकार्य मांडायचं होतं. माझ्या आधी सरच उठले. म्हणाले, "हे आपल्या कामाचं नमुनेदार उदाहरण. जातींची एवढी उतरंड असलेलं गाव, आणि निर्णय पूर्ण एकमताने. एकही माणूस विरोधात नाही." फळ्यावर त्यांनी मोठं वर्तुळ काढलं. सुबक, गोल. पोरांनी ते वह्यांत उतरवून घेतलं.

मी त्या वर्तुळाकडे बघत होते. त्यात माझी आई कुठे होती? सहाण कुठे होती, कातळ कुठे होता? कसलं डोंबलाचं एकमत!

"बोल," सर म्हणाले. "तुझ्या आईचं सांग."

मी उभी राहिले.

"माझ्या आईचं एकमत नव्हतं, सर. ती घाबरली होती."

सर हसले, तेच हसू, सहाणेवरचं. "तू हे वैयक्तिक घेतेयस. कार्यकर्त्यानं थोडं दूर राहून बघायला शिकायला हवं."

"मी दूरच बसले होते, सर. तुम्हीच बसवलंत. तिथून जे दिसलं तेच सांगतेय. तुम्ही ज्याला संमती म्हणता ते आमचे जोडलेले हात होते. आमच्याकडे तोंड बंद ठेवायचं असलं की हात जोडतात."

सरांचं हसू गेलं. पहिल्यांदाच. त्यांनी मला खोलीत बोलावलं. म्हणाले, अहवालात निर्णय एकमताने झाला एवढं लिही, बाकी तुझं दुःख परिशिष्टात घाल. नाहीतर क्षेत्रकार्य नापास, आणि पदवी नाही.

दुःख परिशिष्टात! माझी आई परिशिष्टात!

मी म्हटलं, "नाही लिहिणार."

बस, एवढंच. काही वीजबीज कोसळली नाही. बाहेर आले तेव्हा रडू येत होतं. दोन वर्षं गेली. बाबांनी गोदीत पाठ मोडून घेतली होती या पदवीसाठी. घरात पहिली पदवी माझी, दुसरीही माझीच होणार होती. गेली.

एसटीनं गावी आले. आई अंगणात भाताचं बियाणं पाखडत होती. तिनं विचारलं, "पास झालीस?"

"न्हाय, आये."

तिनं सूप खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. वर्तुळ, परिशिष्ट, सगळं. ती ऐकत राहिली. मला वाटलं, आता जवळ घेईल. म्हणेल, चांगलं केलंस.

"लिवायचं हुतंस गो," ती म्हणाली. "एक वळ. काय बिगडलां असतां? मी जोडले ना हात?" आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली.

मी तिला जवळ घेतलं. तिचे हात माझ्या हातात घेतले. करवंटी धरून धरून वाकडी झालेली बोटं. त्या हातांना मी काहीच दिलं नव्हतं. पाणी नाही, पदवीही नाही.

त्या रविवारी मी आमच्या वाडीत सभा बोलावली. कातळावर नाही, आमच्या विहाराच्या ओट्यावर. नारळ नाही. हात जोडायचे नाहीत, ज्याला पटतं त्यानं हात वर करायचा, ज्याला पटत नाही त्यानं तोंड उघडायचं. तालुक्याला पंचायत समितीत जाऊन आमच्या वाडीचा नळ मागायचा, एवढाच विषय. हात वर झाले. थोडे झाले, पण झाले. आईचा झाला नाही. ती आमच्या घराच्या दारातून बघत होती. आली नाही. मी तिला बोलावलंही नाही. भीती तिची आहे, ती तिनं कधी टाकायची ते तिनं ठरवायचं. एकमत झालं असं मी कुठं लिहिलं नाही. माझी आई बाहेर होती, तसंच सभेच्या वहीत लिहिलं.

पुढचा शिमगा झाला की गावकी पुन्हा बसेल. आम्ही जाऊ. मी कातळावर बसणार नाही. चार पायऱ्या चढून वर जाईन, लाल खडूनं रंगवलेला तसाच नवा नकाशा घेऊन. गावकर म्हणेल, पोरीला खाली घ्या. आई कदाचित पुन्हा हात जोडेल, पाया पडते म्हणेल, सगळ्या गावासमोर रडेल.

रडू दे. मीही रडेन. पण उतरणार नाही.