काचेची झाकलेली कड

टवका नखाएवढाच होता. सत्तरच्या दशकात मी सांगलीतील एका काचेच्या दुकानात कारागीर होतो. साताऱ्यात एका निवृत्त सुभेदारांनी शिवणकामाचे दुकान काढले, त्याची दर्शनी काच बसवायला मला धाडले होते. काच चौकटीत किंचित अडत होती. मी तिची कड पकडीने कुरतडली आणि खालच्या कोपऱ्याचा टवका उडाला. नवी काच मागवायची तर माझ्या मालकांपुढे चूक कबूल करावी लागली असती. मी तो कोपरा चौकटीत सरकवून वरून पुट्टी भरली.

माझ्या उस्तादांनी हे निक्षून मना केले होते. ते सांगत, काच सगळीकडे सारखी तापली तर निभावते. मधला भाग तापून फुगला आणि चौकटीतली कड गारच राहिली, की ताण कडेवर येतो. तिथे टवका असेल तर तडा तिथूनच सुटतो.

एप्रिलमध्ये त्याच दुकानात आरसा बसवायला गेलो आणि दारातच थबकलो. सुभेदारांनी काचेला कमरेपर्यंत काळा रंग फासला होता.

"पलटणीत भिंतीला असाच पट्टा मारायचो," ते कौतुकाने म्हणाले. "सूनबाई मशिनीवर बसते. रस्त्यावरनं कुणी टकामका बघाया नको."

दुपारचे ऊन थेट काचेवर होते. काळ्या भागाला हात लावला तो चटका बसला. चौकटीचे जाड लाकूड मात्र गार होते. काचेला अगदी लागून त्यांची सून मान खाली घालून शिवत होती. तेवढ्यात काच बारीकशी 'टक्' वाजली. मी लगेच सुनेकडे वळलो.

"वहिनी, मशीन जरा मागे घेता का?"

"आवं, मागं अंधार हाय. सुईत दोरा तुमी ओवून देणार व्हय?"

सुभेदार हसले. "काचवाला असून काचंला भितोस व्हय रं?"

खरे सांगण्याची वेळ तीच होती. मी एवढेच म्हणालो, "काच फार तापते आहे, सुभेदारसाहेब. जपायला हवे." आणि आतल्या भिंतीकडे वळलो. आरशाचे स्क्रू पिळायला घेतले. आता सत्तरी उलटल्यावरही मी त्या मौनाची कारणे तपासतो. भीतीखेरीज एकही सापडत नाही. ती भीती तिच्या जिवाची होती की माझ्या नोकरीची, हे मला ठामपणे सांगता येत नाही.

थोड्या वेळाने वळून पाहिले, तर सुभेदार बाहेर भरलेली बादली घेऊन उभे. "तापलीय म्हनतोस न्हवं? गार करतो!"

मी "नको!" म्हणून ओरडलो, तोवर पाणी काचेवर पडले होते.

तडा त्याच कोपऱ्यातून निघाला, वळत वर गेला आणि एक लांब तुकडा सुटून सुनेच्या हातावर कोसळला. मान थोडक्यात वाचली. शिवायला घेतलेले पांढरे कापड लाल होत गेले.

"पोरी, माझ्या हातनं झालं गं," सुभेदार पुन्हा पुन्हा म्हणत होते. "म्याच पानी वतलं." ते मात्र मला सोसवले नाही. मी टवक्याचे सगळे सांगून टाकले.

सुनेने हाताला कापड गुंडाळता गुंडाळता मान वर केली. "म्हंजे मशीन मागं घ्या म्हनलात, तवा तुमाला ठावं हुतं?"

"हो."

तिने सासऱ्यांच्या हातातून रिकामी बादली काढून खाली ठेवली. "चला मामंजी, दवाखान्यात जाऊ."

मी बाजूला सरून वाट दिली. दोघांपैकी कोणीही माझ्याकडे पाहिले नाही.