ऑइल कधी बदलायचं

परतवाड्याच्या एका डॉक्टरांकडून मी सात वर्षं वापरलेली डिझेल गाडी घेतली. नोकरी अमरावतीच्या कॉलेजात, आणि आई गेल्यापासून वडील अकोल्याच्या जुन्या शहरात एकटे. दर शनिवारी तिकडे जायचं असे. तिथल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी चाचांचं गॅरेज होतं. वडिलांची स्कूटर त्यांनीच सांभाळली होती, आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून वडील रोज संध्याकाळी त्यांच्या बाकड्यावर चहाला बसत. वडील त्यांना भाई म्हणत, ते वडिलांना मास्तर.

चाचांनी गाडीचं ऑइल बदललं आणि पुढचं कितव्या किलोमीटरला बदलायचं तो आकडा कागदाच्या पट्टीवर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. तो पाच हजार किलोमीटरनंतरचाच होता.

"चाचा, पुस्तकात दहा हजार लिहिलंय," मी म्हणाले.

"पुस्तक नव्या गाडीचं असते, बेटा. ही जुनी डिझेल आहे. तेल लवकर काळं होते. अन् तुह्या रस्त्यावर धूळ किती."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर मी हसत म्हणाले, "म्हणजे तुमचं दुकान चालायला पाच हजार." गिऱ्हाइकंही हसली. चाचा हात पुसत राहिले.

मी दहा हजारच धरून चालले. पट्टीवरचा आकडा उलटून गेल्यावर दार उघडताना तो डोळ्यात खुपायला लागला, तेव्हा एके दिवशी ती नखानं खरवडून टाकली. पुढे दहा हजारही झाले. पेपर तपासायचे होते, मग चिखलदऱ्याला जाऊन आले, मग पुढच्या शनिवारी करू म्हटलं. असं करत तेरा हजार झाले.

मे महिन्यात वडिलांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अमरावतीला नेत होते. मूर्तिजापूरच्या अलीकडे तेलाच्या किटलीचं चित्र असलेला लाल दिवा लागला.

"थांबव," वडील म्हणाले.

"दवाखान्याची वेळ चुकेल, बाबा."

आणखी पाचसहा किलोमीटर रेटली. इंजिनात ठकठक सुरू झाली आणि गाडी बंद पडली.

वडील डोक्यावर टॉवेल घेऊन बाभळीखाली बसले. "काहून झालं असं? भाईनं तर ऑइल टाकलं होतं."

"हलकं टाकलं असेल त्यांनी," मी म्हणाले. विचार करून बोलले असते तर निदान जीभ अडखळली असती. ती अडखळलीही नाही.

वडिलांनी चाचांनाच फोन लावला. तासाभरात ते आमची गाडी टोचन करून ओढून न्यायला दुसरी गाडी घेऊन आले. ते उतरताच वडील म्हणाले, "भाई, पोरीच्या गाडीत हलकं तेल टाकलं तुमी? तुमच्याकडून असं वाटलं नोतं मले."

चाचांनी बॉनेट उघडून तेल किती आहे ते पाहिलं. जे काही उरलं होतं ते डांबरासारखं. त्यांनी ते दोन बोटांत चोळलं. मग दार उघडून मीटर पाहिलं. पट्टी होती तिथे गोंदाचा डाग राहिला होता. त्यावर त्यांची नजर थांबली, मग माझ्यावर. मी रस्त्यावरचे ट्रक बघत राहिले.

"चुकलं असन, मास्तर," ते वडिलांना म्हणाले. "खोलून पाहू."

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात झालं. वडिलांनी चाचांकडे जाणं बंद केलं. संध्याकाळी काळा चष्मा लावून घरातच बसत. "त्या माणसावर जिंदगीभर भरवसा ठेवला मी," एवढंच म्हणत. हे मी दोन शनिवार ऐकून घेतलं. तिसऱ्या शनिवारी सगळं सांगितलं.

ते उठले. मग चपला शोधत म्हणाले, "मले काहून सांगून राहिली? त्याले सांग. चाल."

दुकानात त्या दिवशीही गिऱ्हाइकं होती. मी त्यांच्यासमोरच सांगितलं.

"मले मालूम होतं," चाचा म्हणाले.

"मंग तवाच काहून नाही बोलले?" वडिलांनी विचारलं.

"पोरीले बापासमोर खोटी पाडू का, मास्तर?"

वडिलांनी त्यांचा तेलकट हात आपल्या दोन्ही हातांत धरला. मग ते बाकड्यावर बसले आणि चाचांनी चहा सांगितला. त्या दोघांचं तिथेच मिटलं.

गाडीचं इंजिन बांधून झाल्यावर मी विचारलं, "चाचा, आता ऑइल कधी बदलायचं?"

"तुमी म्हणाल तवा, मॅडम."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण लहानपणापासून त्यांनी मला कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं. आता पाच हजार व्हायच्या आधीच मी गाडी घेऊन जाते. ते काम चोख करतात, वडिलांशी गप्पा मारतात. काम होईपर्यंत मी गल्लीत उभी राहते.