दोन अक्षरांचा राजू

हे लिहायचं मी दोन-तीन वर्षं टाळलं. बायकोलाही सांगितलं नाही. आता सत्तरी ओलांडली.

मी ग्रामसेवक होतो. गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद ठेवणं हे आमचंच काम. लोहारा तालुक्यातल्या एका गावी माझी बदली झाली होती. वीसेक वर्षांपूर्वी मल्लिनाथ नावाचा शेतकरी मुलाचं नाव नोंदवायला ऑफिसात आला.

"राजू लिवा, भाऊसाहेब."

"राजू घरचं झालं. दाखल्यावरचं सांगा."

"त्येच की. राजूच."

"उद्या कलेक्टर झाला तर राजूसाहेब म्हणायचं का?"

बाकावरचे चौघे हसले. मल्लिनाथही हसला. मग म्हणाला, "माझ्या मेव्हण्याचं नाव हाय. सास्तूरला भूकंपात गेला, सात वर्षांचा हुता. बारशात आमच्या बहिणीनं त्येच नाव कानात सांगितलं. आमच्या आईला पटंना. म्या म्हणलं, आमच्या मंडळीला, महादेवीला, तेवढंच समाधान."

मी मान हलवली. तो गेल्यावर रजिस्टरात लिहिलं : राजेंद्र.

ही माझी सवय होती. राजू, बंडू, पिंटू असं कुणी सांगितलं की मी माझ्या मनानं नाव मोठं करायचो. पुढं पोराला अडचण नको, एवढाच विचार. तसा नियम होता का? मी कधी वाचला नव्हता. मुख्याध्यापक म्हणायचे, छोटं नाव शोभत नाही. तालुक्याचा क्लार्क म्हणायचा, सांगतील ते लिहा. मी मुख्याध्यापकांचं ऐकलं. लोक आभारही मानायचे. मल्लिनाथला वाचता येत नव्हतं. दाखला घडी घालून त्यानं ट्रंकेत ठेवला.

अंगणवाडीच्या ताईंनी पोराच्या आईला विचारून राजू लिहिलं. शाळेनं तेच उतरवलं. आधार, दहावी, बारावी, सगळीकडं राजू.

मी रिटायर झालो. मल्लिनाथ वारला. मग एक दिवस नव्या ग्रामसेविकेचा फोन आला. "सर, जरा येऊन जाता का? एक घोळ झालाय."

ऑफिसात महादेवी बसली होती, शेजारी राजू. पोराची भरतीत निवड झाली होती. कागदपत्रांच्या तपासणीत जन्माचा दाखला मागितला आणि त्यावर निघाला राजेंद्र.

राजूनं मलाच विचारलं, "काका, मग मी नक्की कोण?"

मी ग्रामसेविकेला म्हणालो, "मॅडम, राजू एवढंच पूर्ण नाव चालतं का?"

"चालतं की. मी ओम, जय, वेद रोज लिहिते. नाव किती लांब असावं हे कुठंच लिहिलेलं नाही, सर." तिनं रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. "अक्षर तुमचंच आहे. नोंदवताना चूक झाली, असं तुम्ही लेखी दिलं तर मला दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवता येईल. नाव कुणी सांगितलं होतं?"

माझ्या नातवाचं नाव ओम आहे. ते ठेवताना मी एका शब्दानं हरकत घेतली नव्हती. हे मला नेमकं तेव्हाच का आठवलं, कळत नाही. डोक्यात गोंधळ झाला. लेखी दिलं तर चौकशी लागेल का? पेन्शन अडेल का? बाकीच्या नावांचं काय? ती किती होती, हेही मला सांगता आलं नसतं.

"मल्लिनाथनंच सांगितलं," मी म्हणालो. "मी ऐकलं तसं लिहिलं."

महादेवी माझ्याकडं बघत राहिली. "ह्यांनी? राजेंद्र म्हणले?"

"व्हय."

"मला तर म्हणले हुते, तुझ्या भावाचंच नाव लावून आलो."

राजूनं दाखला उचलला.

जन्माची नोंद बदलेना, म्हणून पोरानंच नाव बदललं. प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात छापून आणलं. मुदत वाढवून मिळाली, नोकरीही लागली. आता त्याच्या सगळ्या कागदांवर राजेंद्र आहे. कामापुरतं सांगायचं तर नोंद करणाऱ्यानं समोरचा सांगेल ते लिहावं. त्यात आपली अक्कल घालू नये. पण माझं ओझं कागदाचं नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी महादेवीच्या घरी गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. तिनं खुर्ची दिली, चहा ठेवला.

"पोरगं कसं आहे?"

"बरं हाय. हापिसात राजेंद्र म्हणत्यात. म्या हाक मारायची म्हणलं की तोंडात अडखळतं बघा."

"महादेवीताई, त्या नावाचं..."

"जाऊ द्या, भाऊसाहेब. तुमी काय करणार? मरद माणूस. आईपुढं एक बोलला, माझ्यापुढं एक." तिनं कप माझ्या हातात दिला. "लई जीव लावला हुता मला. खोटं का बोलले, त्येच कळंना झालंय. मेल्या माणसाला इचारावं तरी कसं? दोन वर्षं झाली, फोटूला हार घातला न्हाय म्या."

तो खोटं बोलला नाही, ताई. खोटं मी बोललो. एवढी दोनच वाक्यं होती. मी चहा संपवला, यंदा तूर कशी आहे ते विचारलं आणि उठलो.