दत्तारामच्या रजेचा अर्ज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आईलाही नाही. आजोबांना ठाऊक होतं — पण आम्ही दोघं त्यावर पुन्हा कधी बोललो नाही, आणि आता तेही नाहीत.

मागच्या रविवारी, मीरा, तू फोनवर सांगत होतीस — तुमच्याकडे पार्सलं आणणारा माणूस गाडी चालवतानाच वारला आणि कंपनीने लिहून दिलं की तो आमचा नोकर नव्हताच. तू चिडली होतीस. "आजी, माणसं असं लिहू तरी कशी शकतात?" मी म्हणाले, आवाज नीट येत नाहीये, आणि फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता.

कशी लिहितात ते मला माहीत आहे. टेबलाशी बसून लिहितात. पेनात शाई भरून घेऊन.

पेणचा आपला गणपतीचा कारखाना तुम्ही पाहिलेला नाही. तुमच्या जन्माआधीच तो विकला. मूर्ती आजोबा बघायचे, कागद मी. मुंबईच्या कॉलेजात इंग्रजी शिकून आलेली सून — हजेरी, मालाची चलनं, पत्रं, सगळं माझ्याकडे. माझ्या वहीत खाडाखोड नसायची, याचा मला फार अभिमान. अजूनही असावा; हे लिहायला घेताना मी आधी समास आखला.

हंगाम सुरू होताना मी प्रत्येक कामगाराच्या चार-पाच कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन ठेवायची. गर्दीच्या दिवसांत कुणी रजेवर गेलं की वर अर्ज लिहायचा — फाईल पूर्ण. कुणालाच त्यात वावगं वाटायचं नाही. दत्ताराम, आमच्या टेम्पोचा ड्रायव्हर, रोह्याजवळच्या वरसे गावचा, सही करताना दरवर्षी तोच विनोद करायचा. "वयनी, माझी जमीन तर नाय ना लिवून घेत?" आणि स्वतःच हसायचा, कारण त्याला जमीन नव्हतीच.

आमच्याकडे एक रीत होती. शेवटच्या फेरीला निघताना ड्रायव्हरला त्याच्या घरचा गणपती कारखान्यातून द्यायचा. छोटीच मूर्ती, लाल फडक्यात तोंड झाकून. ती मागे मालात ठेवायची नाही. पुढे, त्याच्या शेजारच्या सीटवर.

चतुर्थीला दोन दिवस उरले होते. दत्ताराम तीन दिवस सलग गाडी चालवत होता — ठाणे, पुणे, परत ठाणे. सकाळी अकराच्या सुमाराला आला, हौदावर तोंड धुतलं आणि माझ्यासमोर उभा राहिला. "वयनी, डोळं मिटतायत. दोन तास पडतो, मंग जातो रोह्याला."

रोह्याचा दुकानदार सकाळपासून दोनदा फोन करून ओरडला होता. मी वही मिटलीसुद्धा नाही. म्हणाले, "रोहा म्हणजे तुझा घरचाच रस्ता. माल उतरव आणि घरीच झोप की."

"तुमी काय, देवाला पन रजा नाय देनार," तो म्हणाला. हसला. मी त्याचा गणपती सीटवर ठेवला — माझ्या हाताने — आणि चलन फाडून दिलं.

नागोठण्याच्या अलीकडे टेम्पो झाडावर गेला. डोळा लागला असणार. दत्ताराम जागच्या जागी गेला.

आजोबा दोन कारागिरांना घेऊन धावले. त्याला दवाखान्यात नेलेलं होतं. रस्त्यावर सगळीकडे भंगलेल्या मूर्ती. भंगलेला देव लोकांच्या पायाखाली कसा ठेवायचा? त्यांनी तुकडा न् तुकडा गोळा केला आणि अंबा नदीत सोडला. मालाबरोबरचं चलनही त्यातच गेलं. त्यात त्यांचा काही डाव नव्हता, एवढं मी शपथेवर सांगेन. पण पोलिसांचा पंचनामा झाला तेव्हा टेम्पोच्या मागे फक्त मूर्तींखाली पसरलेला पेंढा होता. आणि पुढच्या सीटवर, फडक्यात, त्याच्या घरचा गणपती. तो मात्र शाबूत.

संध्याकाळी आजोबा खुर्चीत बसून राहिले. म्हणाले, "आता विचारतील, कामावर होता का. काय सांगायचं?" मग म्हणाले, "कागद तुझ्याकडे आहेत. तू ठरव."

कामावर होता म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता — तीन दिवस न झोपलेल्या माणसाला पाठवलं कुणी? मला त्या प्रश्नाची भीती वाटली. भरपाईची नाही, त्या प्रश्नाची. मी फाईल काढली. त्याच्या सहीचा कोरा कागद घेतला आणि वर अर्ज लिहिला — घरी गणपती न्यायचा असल्याने आजपासून रजा मिळावी. चलनाची आपल्याकडे राहणारी प्रत, स्थळप्रत, पुस्तकातून काढून घेतली. आणि कामगारांची भरपाई ठरवणाऱ्या सरकारी कचेरीला इंग्रजीत पत्र लिहिलं की सदर इसम रजेवर होता, मालकाला न विचारता टेम्पो खाजगी कामाला घेऊन गेला. सोबतची मूर्ती त्याच्या घरचीच.

किती सुंदर जुळलं होतं सगळं, नाही?

माल कारागिरांनीच भरला होता. कुणी बोललं नाही. त्यांना पुढच्या हंगामातही काम हवं होतं.

तेराव्यानंतर त्याची बायको, सुनंदा, सासूला घेऊन कारखान्यात आली. मी तिला अर्ज दाखवला. तिने सहीवरून बोट फिरवलं. सही त्याचीच होती, तिला काय बोलता येणार? पोलिसांनी तिला पंचनामा वाचून दाखवला होता. "वयनी, एका गनपतीला येवढा पेंढा लागतो व्हय?"

मी अर्ज परत फाईलला लावला. म्हातारीने तिच्या दंडाला धरलं. "चल गो. हिच्या कागदाला तोंड हाय. आपल्याला नाय."

कचेरीतल्या साहेबांनी माझ्या वह्या चाळल्या आणि म्हणाले, "बाई, काय व्यवस्थित ठेवता हो!" प्रकरण तिथेच मिटलं. सुनंदाला काही मिळालं नाही. वर, नवऱ्याने मालकाची गाडी चोरून नेली, हे गावात तिला ऐकावं लागलं. मला ते कानावर आलं होतं. त्या वर्षी घरात सुतक, म्हणून त्यांच्याकडे गणपती बसलाच नाही. पोलिसांनी परत केलेली मूर्ती मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊन टाकली. वहीत नोंद केली.

पुढे मी कितीदा रोह्याला गेले — लग्नांना, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. वरसे रोह्याला लागूनच आहे. रिक्षावाले विचारायचे, "कुठं सोडू?" मी एकदाही ते नाव घेतलं नाही. सुनंदा आहे की नाही, मला माहीत नाही. माहीत करून घ्यायला किती वेळ लागला असता? एक दुपार.

दत्तारामच्या सहीचे दोन कोरे कागद अजून माझ्या कपाटात आहेत, आणि ती स्थळप्रतही. फाडून टाकायचा मला धीर झाला नाही, की कागद फाडायची सवयच नव्हती — कोण जाणे. स्थळप्रतीवर रोह्याच्या दुकानाचं नाव आहे, मूर्ती चोवीस, निघण्याची वेळ सव्वाअकरा. अक्षर माझं.

दत्ताराम त्या दिवशी रजेवर नव्हता. त्याने दोन तास झोप मागितली होती. मी त्याला कामावर पाठवलं.