बडोद्याला नेलेली पाच मतं

पालघर स्टेशनच्या फलाटावर मी सकाळी सात वाजता उभी होते, तेव्हा माझ्याबरोबर सामान होतं ते असं: चिकूंची पिशवी एक, पुस्तकं पाच आणि भाचा एक. चिकू डहाणूचे, पुस्तकं बडोद्याची आणि भाचा माझ्या थोरल्या भावाचा. तिन्ही धडपणे बडोद्याला पोचवायची जबाबदारी माझ्यावर होती. कशी पोचली, ते सांगते.

आधी भाचा. शेखर एकतीस वर्षांचा. आईवडील लहानपणीच गेले, तेव्हापासून माझ्याकडे. मी शाळेत तीस वर्षं शिवण शिकवलं. यजमान फार लवकर गेले, मूलबाळ नाही. म्हणजे घरात बोलायला मी आणि ऐकायला शेखर. म्हणूनच तो असा अबोल झाला, असं लोक म्हणतात. लोकांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला! त्या वर्षांत घरोघरी वॉशिंग मशीन शिरायला लागली होती आणि शेखर एका कंपनीत ती दुरुस्त करायचा. बिघडलेल्या मोटारीपुढे तास न् तास बसेल, पण मुलगी समोर बसली की याची दातखीळ बसायची. 'मुलगा चांगला आहे, पण बोलतच नाही' म्हणून चार स्थळांनी नकार कळवला होता. बडोद्याचं पाचवं. त्यात त्याच्या कंपनीनं बडोद्याला शाखा उघडून याची बदली तिकडे ठरवली होती, तेव्हा हे जमलं तर दुधात साखर. मग पालघरला मी एकटी काय करणार, हा विचार मी पिशवीच्या तळाशी घातला होता आणि वर चिकू रचले होते.

आता पुस्तकं. मुलीचा फोटो पाठवा म्हणून आम्ही लिहिलं, तर रजिस्टर पार्सल आलं. आत पाच पुस्तकं आणि मुलीच्या आजोबांचं पत्र. त्यांचे वडील संस्थानच्या काळात पुस्तकांच्या खात्यात अधिकारी होते. तेव्हापासून त्यांच्या घरची रीत अशी, की सोयरीक करायची तर समोरच्याला पाच प्रकारची पाच पुस्तकं पाठवायची. 'पत्रिका आम्ही पाहत नाही. वाचून झालं की या आणि मत सांगा.' शेखरनं पाचही पुस्तकं हातात तोलली आणि खाली ठेवली. म्हणाला, "आत्या, हे मला वर्षभरात होणार नाही." मग काय, वाचली मीच. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मतं माझी आणि तोंड त्याचं, असं आमचं ठरलं.

गाडी सुटल्याबरोबर मी पाढे घेतात तशी मतं घ्यायला लागले, ते वापी गेली तरी चालूच होतं.

"ऐतिहासिक कादंबरी?"

"घोडे फार."

"सगळं म्हण."

"सहाशे पानं आहेत. घोडे फार, तलवारी फार, पण कोणी जेवत नाही. एवढ्या फौजेच्या भाकऱ्या कोण थापत होतं, ते लेखकानं सांगितलेलं नाही."

"शाब्बास. आता पाककृतींचं पुस्तक?"

"घोडे फार..."

"ना भाई ना, घोडा तो पेली जाडी चोपडीमां! (घोडे त्या जाड्या पुस्तकात!)" हे बोलले समोरचे काका. वापीला चढलेले कापडाचे व्यापारी, सुरतेला उतरणार होते. भली मोठी ट्रंक बाकाखाली ढकलून ते आमची शिकवणी ऐकत होते. वलसाड येईपर्यंत त्यांची चारही मतं पाठ झाली आणि शेखरची अडीच. काका माझ्याकडे वळून अगदी मनापासून म्हणाले, "बहेन, मने लई जाव, हुं बोली दईश. (मला घेऊन चला, मी बोलून टाकतो.)" क्षणभर मलाही ते पटलं.

राहिला कवितासंग्रह. शेखरनं विचारलं, "यावर काय सांगू?"

"आशय सखोल आहे आणि भाषा ओघवती आहे, असं म्हण."

त्यानं माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

सुरत आली. काकांनी ट्रंक ओढली आणि मागोमाग माझी पिशवी आली, पोळीसारखी चपटी होऊन. कर्म माझं! काकांची ट्रंक वापीपासून माझ्या चिकूंवर बसली होती. चिकूंचा पार शिरा झाला होता. चार पुस्तकं दुसऱ्या पिशवीत होती म्हणून वाचली, पण कवितेचं पुस्तक पातळ, ते मी चिकूंच्या बाजूला खोचलं होतं. त्याची पानं एकमेकांना अशी चिकटली होती, की वडी म्हणून कापून वाटावं. काका "सॉरी, सॉरी, बहेन" करत फलाटावरून चालू गाडीला हात जोडत राहिले.

"झालं!" मी म्हटलं. "पाचवा नकार पक्का. पुस्तकांवर जीव टाकणारी माणसं ती, आता हे कोणत्या तोंडानं परत द्यायचं?"

शेखरनं शर्टाच्या खिशातून लोखंडाची पातळ पट्टी काढली. त्याच्या खिशात अशा वस्तू असतातच. माझ्या पाकिटातली पावडरची डबी मागून घेतली. पट्टीनं एक पान हळूच सोडवायचं, ओल्या रुमालानं टिपायचं, पावडर भुरभुरायची, वारा घालायचा, मग पुढचं पान. भरूचला नर्मदेचा पूल आला. डब्यातली सगळी माणसं हात जोडून उभी राहिली. मी म्हटलं, "अरे, नर्मदामाई आली, बघ तरी." तो "हं" म्हणाला आणि पुसत राहिला. मध्येच एका पानावर त्याचा हात थांबला. मला वाटलं, फाटलं की काय. पण पान धड होतं.

बडोदे स्टेशनाबाहेर आलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि भेट चारची. आम्ही मराठी माणसं त्याला बडोदे म्हणतो, हे रिक्षावाल्याला ठाऊक होतं. "बडोदामां पहेली वार, मासी? (बडोद्यात पहिल्यांदाच, मावशी?) तो सेव-उसळ खाईने जाव." त्यानं आम्हाला एका गाडीपाशी नेऊन उभं केलं. वाटाण्याची उसळ, वर मूठभर शेव, कांद्याची पात आणि लालभडक तरी. माझं मत विचाराल तर पाच पुस्तकांपेक्षा ते एक पान सरस. शेखरनं मात्र पहिल्या घासाला तरी जास्त ओढली. त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी आणि डोक्यातून मतं, दोन्ही बरोबरच वाहून गेली. मी विचारलं, "पाककृती?" तो म्हणाला, "पाणी." मग चार वाजेपर्यंत मी सगळी मतं त्याच्याकडून पुन्हा घोटून घेतली.

सुभानपुऱ्यात त्यांचं टेनामेंट होतं. (बडोद्याकडे भिंतीला भिंत लागून असलेल्या बैठ्या घरांना असं म्हणतात.) ओट्यावर हींचको (झोपाळा), त्यावर पांढऱ्या सदऱ्यातले आजोबा. मुलीच्या आई लगबगीनं बाहेर आल्या. "या, या, ताई, हाश! तडक्यात (उन्हात) आलात. शांतीथी बसा. ए वैजू, पंखो जरा फास्ट कर!" त्यांना स्वतःला यात दोन भाषा आहेत, याचा पत्ताच नव्हता. वैजू म्हणजे वैजयंती, उपवर मुलगी. कॉलेजात शिकवणारी, चष्म्याची, आणि चष्म्याआडून सरळ माणसाकडे बघणारी.

शेखरनं पुस्तकं पुढे केली. आजोबांनी पहिली चार उलटून पाहिली. पाचवं हातात घेतलं. नाकाशी नेलं. मी डोळे मिटून घेतले.

"चिकू?" आजोबा म्हणाले.

"हो," शेखर म्हणाला.

"डहाणूचे?"

"हो."

"अस्सं," म्हणून आजोबांनी पुस्तक बाजूला ठेवलं. ते बरं होतं की वाईट, मला काही उमगेना.

आता घोडामैदान जवळच होतं. शेखरला आजोबांशेजारी झोपाळ्यावर बसवलं, समोर स्टुलावर वैजयंती. झोपाळा हलायला लागला आणि शेखर म्हणायला लागला. घोडे झाले. भाकऱ्या झाल्या. आजोबा हसले. मला धीर आला. तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "आणि ती राणी दिवसातून तीनदा गड चढते, तरी तिला काही होत नाही. आपले गुडघे तर साध्या जिन्यालाही बोंबलतात."

वैजयंतीनं विचारलं, "तुमचे गुडघे दुखतात?"

शेखर माझ्याकडे बघायला लागला. मी पदरानं वारा घेतला.

"बरं, आत्मचरित्र?" वैजयंतीनंच पुढे विचारलं.

"मोठे अधिकारी होते. पण सबंध पुस्तकात 'मी' सोडून कोणी नाही. बायको चाळिसाव्या पानावर लग्न होऊन येते आणि दोनशे दहाव्या पानावर वारते. मध्ये दोनदा चहा आणते. असला संसार केलेल्या बाईलाच हे कळतं."

"कोणत्या बाईला?"

मग शेखरनं रहस्यकथेला हात घातला. "खुनी मला तिसाव्या पानावरच कळला. जो माणूस पहिल्या भेटीत इतकं गोड बोलतो, त्याला मी कधी उंबऱ्याच्या आत घेत नाही." आणि पाककृती. "प्रत्येक ठिकाणी 'चार माणसांसाठी' लिहिलंय आणि डाळ एक वाटी! ही चार माणसं काय चिमण्या आहेत? शाळेच्या मुलींना मी हे असलं माप शिकवलं असतं तर..." इथे तो थांबला. फार उशिरा थांबला.

वैजयंती माझ्याकडे वळली. "आत्या, चारही मतं फार आवडली मला. किती दिवसांत कुणाचं पुस्तकाशी इतकं भांडण ऐकलं नव्हतं. आता यांचं एखादं मिळेल का?"

अहो, जमीन दुभंगावी असं म्हणतात ना, तसं झालं मला. गेलं हेही स्थळ, आणि माझ्यामुळे गेलं. शेखरच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. 'आशय सखोल' असं मी नुसते ओठ हलवून त्याला सांगत होते. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही.

"ते कवितेचं मी वाचलं," तो म्हणाला. "म्हणजे पुसलं. पुसता पुसता वाचलं. पुष्कळसं कळलं नाही. पण एक्केचाळिसाव्या पानावर नळ आहे. रिकाम्या घरात नळ गळतोय आणि तो माणूस थेंब मोजतोय. मला आधी राग आला. साधा वायसर बदलायचा, दोन मिनिटांचं काम. वायसर बदलला असता तर ही कविता लिहायची गरजच नव्हती." मग म्हणाला, "पुढचं पान सोडवताना वाटलं, बदलणारं माणूसच घरात राहिलं नसेल. म्हणून मोजत असेल."

इतकी वाक्यं एका दमात बोललेला शेखर मी पहिल्यांदाच पाहिला. झोपाळा थांबला होता. आजोबा आत बघून म्हणाले, "नास्तो आणा." आणि लग्नाबद्दल एवढंच, की "पछी (नंतर) कळवतो."

बशीतला हिरवा बटाट्याचा चिवडा संपल्यावर वैजयंती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. दार लोटून म्हणाली, "आत्या, कविता तुम्ही वाचल्याच नाहीत ना?"

"कशावरून?"

"ते 'आशय सखोल' मला दिसत होतं. बाकी चार पुस्तकांशी तुम्ही कचाकचा भांडलात. न वाचलेल्याचंच माणूस असं गुळगुळीत कौतुक करतं."

वीस वर्षं वाचनालयाची सभासद आहे मी, पण असं कुणी पकडलं नव्हतं. खरं तेच सांगितलं. एका ओळीत दोन-दोन शब्द बघून पुस्तक मिटलं होतं. म्हटलं, ही कागदाची नासाडी. तिनं ते चिकूचं पुस्तक माझ्या पिशवीत घातलं. "परतीच्या गाडीत वाचा."

परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. शेखर खिडकीशी बसल्या बसल्या झोपला. मी पुस्तक उघडलं. पावडरचा वास येत होता. पहिली चाळीस पानं नासाडीच होती, माझं मत बदललेलं नाही. मग एक्केचाळिसावं आलं. नऊ ओळी होत्या. माझ्या घरातला नळ वीस वर्षांत कधी गळला नाही. का गळला नाही, याचा मी कधी विचारच केला नव्हता. पिशवीच्या तळाशी घातलेलं सगळं वर आलं आणि मला रडू कोसळलं, सांगून टाकते. समोरच्या बाईंनी विचारलं, "माहेरी कुणी गेलं का हो?" मी म्हटलं, "नाही हो, कविता आहे." त्या जरा सरकून बसल्या.

घरी आल्यावर आठ दिवस पोस्टमनची वाट पाहिली. शेखर वर दाखवत नव्हता, पण या आठ दिवसांत त्यानं घरातले सगळे नळ खोलून पुन्हा बसवले. नवव्या दिवशी पत्र आलं. आजोबांचं नव्हतं, वैजयंतीचं होतं आणि माझ्या नावावर होतं.

'शेखररावांचं एक मत आणि तुमची चार, सगळी पसंत आहेत. ही मतं दोन गावांत वेगवेगळी ठेवायचा आमचा विचार नाही, तेव्हा बडोद्याला घर बघताना तीन माणसांचं बघतोय. तळमजल्याचंच बघतोय, तुमच्या गुडघ्यांसाठी. फक्त पाचव्या पुस्तकावर तुमचं मत अजून आलेलं नाही. ते आल्याशिवाय आजोबा तारीख काढणार नाहीत.'

शेखरनं ते दोनदा वाचलं आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत बसला. मी चष्मा लावला, पोस्टकार्ड घेतलं आणि आयुष्यातलं सगळ्यात छोटं मत लिहून त्याच दुपारी पेटीत टाकलं:

'कागदाची नासाडी आहे. पान एक्केचाळीस सोडून.'