साइड मागण्याची रीत

फागण्याहून धुळ्याला सायकलींवर दूध नेणारे एका ओळीत चालत. मागून गाडी आली की शेवटचा घंटी वाजवी आणि पहिला पुढचा रस्ता पाहून हात हलवी. हात हलला की गाडीवाल्यानं ओलांडायचं, तोवर दम धरायचा. डांबराची कड खचलेली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेली सायकल एकदा खाली उतरली की आडवी झालीच.

मंजुळाबाईचा मुलगा अभिमन तरुणपणी याच ओळीत शेवटी असे. घंटी त्याच्याकडे, सगळ्यांत पुढे सुकदेवनाना. मग तो धुळ्याच्या एका तेलगिरणीत मॅटाडोरवर ड्रायव्हर म्हणून लागला, तिकडेच राहू लागला. गाडीला त्यानं ट्रकचा भोंगा बसवून घेतला. गिरणीत सगळे त्याला ‘भोंगेवाले’ म्हणत. त्याला ते आवडे.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका सकाळी पारोळ्याकडून येताना पुढे ती ओळ दिसली. घंटी वाजली. हात काही हलेना. अभिमननं भोंगा दाबून धरला आणि गाडी बाहेर काढली. समोरून एस्टी आली. त्यानं गाडी डावीकडे दाबली, तशी पहिली सायकल कडेवरून खाली गेली आणि दूध मातीत सांडलं.

तो ओरडतच उतरला, “कान फुटले का रे? भोंगा ऐकू येत नाही?”

धोतर झटकत उठले ते सुकदेवनाना. ते अजून सायकल चालवत असतील, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“आयकू येस, भाऊ,” नाना शांतपणे म्हणाले. “समोर एस्टी व्हती, म्हनीसन हात कया नही.”

“जाऊ द्या नाना, साहेबले घाई शे,” मागचा हिलाल म्हणाला.

मग ओळीतल्या प्रत्येकानं आपल्या कॅनमधलं मापभर दूध नानांच्या कॅनमध्ये ओतलं. एकदा अभिमनची सायकल पडली होती, तेव्हाही असंच झालं होतं. तो कॅन उचलायला वाकला.

“ऱ्हाऊ द्या. तुमले उशीर व्हई,” नाना म्हणाले.

एरवी ‘तुले’ म्हणणाऱ्या नानांचं ‘तुमले’ ऐकून त्याचा हात तिथंच थांबला. नाव सांगायचं धाडस झालं नाही. गाडीत बसल्यावर त्याला वाटलं, नानांनी चारचौघांत एक शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी त्यानं भोंगा काढून टाकला. दुसऱ्या सकाळी काम नसताना मुद्दाम त्या रस्त्यानं आला. ओळ दिसताच लांबूनच साधा हॉर्न हलका वाजवला आणि वेग कमी केला. त्याला ताटकळत ठेवतील, असं तो धरून चालला होता. हात लगेच हलला. कोणत्याही गाडीला हलावा, तसा.

अभिमननं गाडी नानांच्या बरोबरीला आणली. “नाना, मी अभिमन. मंजुळाबाईना पोऱ्या.”

नानांनी मान वळवली नाही. “कालदिनच वळखं व्हतं, भाऊ,” ते म्हणाले. “असं जोडीनं चालू नका. मागून गाडी शे.”

आणि त्यांनी पुन्हा हात हलवला. अभिमन पुढे निघून गेला.