लहानूचं शेवाळ

“आधी हात धुवा, मंगच पाण्याले लावा.” लहानू रामटेके हे सगळ्यांना म्हणायचा, मास्तरांना, पाहुण्यांना, तपासणीला आलेल्या साहेबालाही. कोरपन्याकडच्या आमच्या गावात तो शाळेचा शिपाई होता. नोकरी कच्ची होती. हेडमास्तरांनी नागपूरहून आणलेली माशांची काचपेटी त्याच्याच ताब्यात असे.

शिपाई पुष्कळ झाले, लाकडावर शेवाळ जगवणारा हा एकच. पैनगंगेच्या पुरानं काठावर टाकलेलं एक वाकडं लाकूड त्यानं घरी नेलं, हंड्यात उकळलं, मग भिजत घातलं. पाण्याला चहाचा रंग यायचा, तो रोज ओतून द्यायचा. रंग सुटायचा थांबला, लाकूड आपल्या वजनानं तळाशी बसलं, तेव्हा तो माणिकगडच्या डोंगरात गेला. तिथल्या ओढ्यातल्या दगडांवरचं बारीक पानांचं शेवाळ त्यानं ओल्या फडक्यात आणलं आणि काळ्या दोऱ्यानं लाकडावर त्याचा पातळ थर बांधला. मग ते लाकूड शाळेच्या काचपेटीत ठेवलं.

“जाड काऊन नाई बांधत?” मी विचारलं.

“खालचं गुदमरते ना, भाऊ. हे तुमच्या गोष्टीवानी नाई, ताणली तेवढी वाढली.”

मी हसलो. पंचक्रोशीत गोष्ट सांगावी तर मीच, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

दोन महिने दोऱ्याशिवाय काही दिसलं नाही. मग पोपटी टोकं फुटली, दोरा झाकला, आणि पाण्याखाली एक लहानशी हिरवी टेकडी उभी राहिली. सात रंगीत मासे तिच्या आडोशाला राहायचे. दिवाळीनंतर लहानूला पक्का करू, असं हेडमास्तर बोलू लागले.

शहाऐंशी सालचा पोळा नुकताच झाला होता. दिवसभर कपाशीवर औषध फवारून मी सांजेला शाळेवरून घरी निघालो. दार उघडं होतं, लहानू विहिरीवर गेला होता. ते हिरवं हाताला कसं लागत असेल, एवढंच मनात आलं. झाकण सरकवून मी कोपरापर्यंत हात आत घातला. ओल्या लोकरीसारखं लागलं. झाकण ठेवून मी निघून आलो.

जेवायला बसताना हात धुतले, तेव्हा पाण्याला औषधाचा वास आला आणि मी चरकलो. परत जाता आलं असतं. पण भाकर गरम होती.

सकाळी शेतावर जाताना मी शाळेत डोकावलो, तर सातही मासे उताणे तरंगत होते. शेवाळ तसंच हिरवं.

“नदीचं सडकं लाकूड घातलं, आता भोग!” हेडमास्तर ओरडत होते. “मोठा शास्त्रज्ञ आला!”

लहानूनं ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं. “गुरुजी, लाकूड चार महिन्यांपासून आत आहे. पाण्याले फवारणीचा वास येऊन राह्यला.”

“मग मी टाकलं काय औषध?”

लहानू माझ्याकडे वळला. “भाऊ, तुम्ही रोज इकडूनच जाता. काल आत आलते काय?”

त्याच्या आवाजात आरोप नव्हता. पण दारात चार माणसं उभी होती, रोज ‘सांगा ना भाऊ एक’ म्हणणारी. त्यांच्यासमोर, मी अडाण्यासारखा विषाचा हात पाण्यात घातला, हे माझ्या तोंडून निघेना.

“नाई,” मी म्हणालो. “मी शेतातून सरळ घरी गेलो.”

“उद्यापासून येऊ नको,” हेडमास्तर लहानूला म्हणाले. “आणि ते लाकूडही ने.”

तेव्हाही बोलता आलं असतं. लहानूनं मासे एकेक करून वेचले, मातीत पुरले. लाकूड बाहेर काढलं, पोतं भिजवलं, त्यात गुंडाळलं. तो कुठलंच काम घाईनं करत नसे. मला भरपूर वेळ मिळाला, आणि तो सगळा मी गप्प उभा राहून घालवला.

मग पोतं खांद्यावर घेऊन तो निघाला. हेडमास्तर वर्गात गेले, माणसं पांगली. व्हरांड्यातून पाहणारा मी एकटाच उरलो. पोत्यातून पाणी गळत होतं, त्याच्या सदऱ्याची पाठ भिजत चालली होती. आपल्या घराच्या वाटेनं तो नाल्यापर्यंत गेला, नाला उतरला, आणि दिसेनासा झाला.